जुम्मा मुबारकच्या ढिगाखाली

घाटंजीला माझी एक खाला राहते. खाला म्हणजे मावशी. तिच्या मोबाईलमधला तीन जीबी कचरा एका दुपारी मी साफ केला आणि त्या कचऱ्याबरोबर तिचे 45 हजार रुपयेही गेले. चोरी नाही, ऑनलाइन फसवणूक नाही. बोट माझंच होतं. म्हणूनच हे लिहायला एवढे दिवस लागले.

झालं असं. खालूंनी कापूस विकून आलेल्या पैशांतून एका ओळखीच्या माणसाला पेरणीसाठी 45 हजार उसने दिले. माणूस बरा होता, त्याने स्वतःहून चिठ्ठी लिहून दिली. रक्कम, तारीख, कधी परत करणार, खाली सही. आपल्याच मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो काढला आणि खालाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, कारण खालूंकडे बटणांचा साधा फोन. मूळ चिठ्ठी खालूंच्या सदऱ्याच्या खिशात गेली. पुढे ती कुठे गेली ते खालूंनाच ठाऊक असणार, आणि खालू त्या पावसाळ्यात गेले. झोपेतच.

चाळिसावा झाल्यावर विषय निघाला. तो माणूस म्हणाला, "भाभी, मी अर्धे तर केव्हाच दिले होते, भाऊंना विचारा असतं तर सांगितलं असतं." खालाने मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बेटा, इसमें चिट्ठी का फोटो है, निकाल के दे." मी चॅट उघडलं. चिठ्ठी होती तिथे, पण धुरकट. बोटाच्या नखाएवढं चित्र, अक्षर एकही वाचता येत नव्हतं. त्यावर दाबलं तर मोबाईल म्हणाला, फाइल या फोनवर नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

पाठवणाऱ्याला! त्याच्याकडे गेलो. त्याने मोबाईल बदलला होता.

आणि तेव्हा मला ती उन्हाळ्यातली दुपार आठवली. एका योजनेच्या अर्जासाठी खालाच्या आधारची पीडीएफ उतरवायची होती आणि मोबाईल सारखा सांगत होता, जागा नाही. उघडून पाहिलं तर सगळी जागा खाल्ली होती जुम्मा मुबारकने. सहा वर्षांचे शुक्रवार. काबा, गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, सोनेरी अक्षरं. रमजान मुबारक, शब-ए-बारात, ईदचा चाँद. शिवाय रोजच्या सकाळच्या सलामाची चित्रं वेगळीच. दहा जमातींकडून तेच एक चित्र दहा वेळा. मी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टोरेजमध्ये गेलो, सगळं निवडलं आणि पुसून टाकलं. त्यात एक चित्र वहीच्या पानाचं होतं. त्यावर काबा नव्हता, गुलाब नव्हता, पण एवढं कोण बघतो?

खालाने ते स्वतः कधीच पुसलं नसतं, आणि त्यामागे आळस नाही. ज्या चित्रावर अल्लाहचं नाव आहे, आयत आहे, ते आपल्या हाताने पुसायचं कसं, हा तिच्या मनातला खरा पेच आहे. मध्यंतरी तर एक संदेशही फिरत असायचा, की कुराणची आयत मोबाईलमधून पुसणं ही कयामतची निशाणी. तो कुणी लिहिला कुणास ठाऊक, पण आमच्या किती तरी घरांतल्या बायांनी त्या धाकाने मोबाईल तुंबवून घेतले. अनेक उलमांनी सांगितलं आहे की अनादराचा हेतू नसेल तर पडद्यावरचं चित्र पुसण्यात गुन्हा नाही. हे मशिदीत कधीतरी दोन वाक्यांत सांगितलं गेलं तर हजारो मोबाईल मोकळे होतील. खाला जोहरच्या नमाजला उभी राहिली तेव्हा मी ते काम उरकलं, हेही सांगून टाकतो. तिला विचारलं असतं तर तिने एकेक चित्र पाहिलं असतं, आणि चिठ्ठी तिच्या नजरेतून सुटली नसती.

हा रोग एकट्या आमच्या समाजाचा नाही, हे सांगायला हवं. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी छापली होती की भारतीयांच्या 'गुड मॉर्निंग' चित्रांनी फोन भरून वाहताहेत. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर 2017 मध्ये, गूगलने दिल्लीतल्या कार्यक्रमात फोनमधली जागा मोकळी करणारं अ‍ॅप आणलं होतं. आज त्याचं नाव 'फाइल्स बाय गूगल'. म्हणजे सकाळी उठून आपण जे पाठवतो, त्याची सफाई हा जगातल्या मोठ्या कंपनीचा उद्योग झाला. फुलांच्या जागी सूर्य आणि सूर्याच्या जागी काबा, एवढाच काय तो फरक.

पण माझं म्हणणं चित्रांवर नाही. माझं म्हणणं हे आहे की मोबाईलवर आलेला कागद हा कागद आहे, असं आपल्याला अजून वाटतच नाही. घरात लोखंडी पेटी असते. तिच्यात रेशनकार्ड, निकाहनामा, शेताचा सातबारा, मुलांचे दाखले, सोन्याच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्या पेटीची किल्ली खालाच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली. पेटीतला कोणता कागद कोणत्या थराला आहे हे ती डोळे मिटून सांगेल. आणि तेच कागद मोबाईलवर आले की "आला होता बा, कुठे गेला काय माहीत".

कुठे जातो ते पाहू. हे अवघड नाही, पण मोबाईल बनवणाऱ्यांनी ते अवघड करून ठेवलं आहे. क्रोममधून उतरवलेली फाइल 'डाउनलोड' नावाच्या फोल्डरमध्ये जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली तिथे जात नाही. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून तिचं घर आणखी आत गेलं आहे. आधी 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', मग व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचं फोल्डर, त्यात पुन्हा व्हॉट्सअ‍ॅप, पुन्हा मीडिया, आणि मग कुठे 'व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स'. सहा दारं. तहसीलमध्येही एवढी नसतात. आणि तिसरी जात सगळ्यात फसवी. फाइल उघडून पाहिली, वाचली, पण उतरवलीच नाही. मेलमध्ये किंवा ब्राउझरमध्ये ती डोळ्यांना दिसली एवढंच. नेट बंद झालं की ती गेली. "मी पाह्यली होती भाऊ" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पाहणं आणि ठेवणं यातला फरक त्याला कुणी सांगितलेला नसतो. आयफोन, आयपॅडवर 'फाइल्स' नावाचं अ‍ॅप 2017 पासून आहे, तिथेही फाइल फोनवर आहे की आयक्लाउडवर हा घोळ असतोच. टॅबलेटवर पडदा मोठा, प्रश्न तोच.

नावांचाही एक गंमतीचा भाग आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोचं नाव असतं 'आयएमजी', मग आठ आकडे, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडे. लोकांना ते अगम्य वाटतं. पण ते आठ आकडे म्हणजे तारीख. आधी साल, मग महिना, मग दिवस. 'डब्ल्यूए' म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, आणि शेवटचा आकडा म्हणजे त्या दिवशीची कितवी फाइल. खालूंनी पैसे कोणत्या दिवशी दिले हे खालाला पक्कं आठवत होतं, बाजाराचा दिवस होता. चित्र जागेवर असतं तर त्या तारखेवरून अर्ध्या मिनिटात सापडलं असतं. आणि नावाच्या शेवटी कंसात एक, दोन, तीन असे आकडे दिसले तर समजायचं की तीच फाइल तेवढ्या वेळा पुन्हा उतरवली. माझ्या भाच्याच्या मोबाईलमध्ये उत्पन्नाचा दाखला कंसात सातपर्यंत गेलेला मी पाहिला आहे. दाखला दर वेळी तोच, आणि तो दर वेळी सापडत नव्हता.

मग आधारची ती पीडीएफ. ती उतरली, सापडली, पण उघडेना. तिला पासवर्ड लागतो. नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. ऐकायला किती सोपं! आता आमच्या विदर्भातली नावं घ्या. नावाच्या आधी शेख, वडिलांच्या नावाआधीही शेख. खालाच्या नावाची चार अक्षरं टाकली, उघडलं नाही. मग लक्षात आलं की आधारवर आधी शेख आहे. पण शेख कसा लिहिलाय? एस-एच-ए-आय? एस-एच-ई-आय? एस-एच-ई-के? की नुसतं एस-के आणि ठिपका? हो, ठिपकाही अक्षरात मोजला जातो. शेवटी एस-एच-ई-के ने उघडलं. मग सहज म्हणून पॅन काढलं, तिथे एस-एच-ए-आय. बँकेच्या पासबुकावर एस-के. एकच बाई, तीन कागद, तीन शेख. त्या पीडीएफच्या कुलपाने आम्हाला जे दाखवलं ते इतक्या वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतात, आणि 2019 च्या डिसेंबरपासून तर कागदातलं अक्षर हा आमच्या घरांत झोप उडवणारा विषय झाला होता. तेव्हा आम्ही पेट्या उघडून कागद मोजले. पण मोबाईलमधले कागद एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत, कारण ते एका जागी नव्हतेच.

एका जागी नसले की माणूस कुठे जातो? सेवा केंद्रात. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात तहसीलच्या आसपास झेरॉक्सवाले आणि ऑनलाइन अर्जवाले असणारच, आणि मी त्यांच्यावर राग धरत नाही, ती पोरं कष्ट करतात. पण त्यांच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये एकदा डोकावून पाहा. अर्धा तालुका तिथे झोपलेला असतो. आधार, पासबुक, सातबारा, लग्नाचे दाखले, तरुण मुलींचे फोटो. सार्वजनिक कॉम्प्युटरवर आधार उतरवलंत तर नंतर ते पुसून टाका, हे आधार प्राधिकरण स्वतः सांगतं. पुसतो कोण? शेवटचे चारच आकडे दिसतील असं 'मास्क्ड' आधारही मिळतं, तेही मागतो कोण? आपली फाइल आपल्याला सापडत नाही म्हणून आपण पुन्हा जातो, पुन्हा अंगठा, पुन्हा ओटीपी, पुन्हा पैसे, आणि आणखी एक प्रत परक्याच्या कॉम्प्युटरवर. स्वतःच्या मोबाईलमध्ये फाइल शोधता न येणं हा पैशांचा आणि अब्रूचा असा दुहेरी तोटा आहे. बायकांच्या बाबतीत तर अब्रूचा जास्त.

सरकारने शिकवलं नाही असंही नाही. 2017 मध्ये ग्रामीण भागासाठी पंतप्रधान डिजिटल साक्षरता अभियान निघालं. सहा कोटी ग्रामीण घरांचं लक्ष्य होतं आणि नियम होता, एका घरातून एक माणूस. मला त्या 'एका'चंच वाईट वाटतं. आमच्या घरांत तो एक कोण असणार हे सांगायला ज्योतिषी नको. थोरला मुलगा, नाहीतर भाचा, म्हणजे मी. आणि ज्याला येतं तो घाईत असतो. तो शिकवत नाही, मोबाईल हातातून घेतो, काहीतरी दाबतो आणि परत देतो. पेटीची किल्ली जिच्याकडे, मोबाईलचं कुलूप मात्र दुसऱ्याकडे. त्या दुपारी माझ्या हातून जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, जुम्मा मुबारकमध्ये नाही.

याची सार्वजनिक बाजूही परवा दिसली. 6 जून 2025 ला केंद्र सरकारने वक्फ मालमत्तांसाठी 'उमीद' पोर्टल सुरू केलं आणि सहा महिन्यांत सगळ्या नोंदी चढवा म्हटलं. तो कायदा बरा की वाईट यावर माझं मत आहे, पण ते आज नको. 1 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदत वाढवायला नकार दिला, अडचण असेल त्याने न्यायाधिकरणाकडे जावं असं सांगितलं. त्या शेवटच्या दिवसांत एका लहान गावातल्या मशिदीच्या कमिटीबरोबर मी बसलो होतो. कागद होते! जुन्या राजपत्राचं पान, सातबारा, नकाशा, सगळं होतं. पण राजपत्राचं पान एका माजी सदस्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, सातबारा मुतवल्लींच्या नातवाकडे, आणि नातू पुण्याला. जो सातबारा होता तो फुकट दिसणारा, विनास्वाक्षरीचा, केवळ माहितीसाठीचा. पंधरा रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा वेगळा, हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं. रात्री दोनपर्यंत चार मोबाईल उलटेपालटे केले. काम झालं, पण शंभर वर्षं नमाज होत असलेल्या जागेचा कागद एका पोराच्या बॅटरीवर अवलंबून असावा, हे काही बरं नाही.

आता दीनच्या बाजूने बघू, कारण आमच्याकडे तंत्राची गोष्ट निघाली की "हे दुनियादारीचं" म्हणून बाजूला सारायची सवय आहे. कुराणमधली सर्वांत लांब आयत नमाजवर नाही, रोज्यावर नाही, उसनवारीवर आहे. सूरह बकरातली 282 वी. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. खालूंनी ते पाळलं, चिठ्ठी घेतली. पण लिहिणं अर्धं काम, जपणं उरलेलं अर्धं.

आणि जपण्याचं म्हणाल तर हजरत हफ्सांची आठवण व्हावी. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर यांच्या आग्रहावरून हजरत अबू बक्र यांनी झैद बिन साबित यांच्याकडून कुराणचं लिखाण एकत्र करवून घेतलं. ती प्रत अबू बक्रांकडे, मग उमरांकडे, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या लेकीकडे, हजरत हफ्सांकडे राहिली. पुढे हजरत उस्मान यांना प्रती करायच्या होत्या तेव्हा त्यांनी ती हफ्सांकडून मागून घेतली, नकला करून वेगवेगळ्या प्रांतांत पाठवल्या आणि मूळ प्रत हफ्सांना परत केली. एक मूळ प्रत, जबाबदार हात, आणि दूरदूर ठेवलेल्या नकला. आज याला बॅकअप म्हणतात. ते हात एका बाईचे होते, हे मी माझ्या भावांना मुद्दाम सांगतो.

खालाबरोबर मी आता जे केलं ते थोडक्यात सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपमधलं आपोआप डाउनलोड बंद केलं, आता ती ज्यावर बोट ठेवील तेच उतरतं. 'घर के कागज' नावाचं एकच फोल्डर केलं. जो कागद येईल तो तिथे न्यायचा आणि त्याला नाव द्यायचं. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, कारण काही सरकारी साइटी देवनागरी नाव घेत नाहीत. मूळ फाइल मोठीच ठेवायची, अर्जासाठी लहान केलेली प्रत वेगळी. दाखल्यांसाठी डिजिलॉकर. तिथे विभागाने स्वतः दिलेला दाखला कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो, आपण चढवलेला फोटो नाही, हा फरक तिने मला दोनदा विचारून घेतला. एक प्रत तिच्या मुलीकडे, पांढरकवड्याला. पुसायचं असेल तर 'फाइल्स'मधून पुसायचं, तिथे कचरापेटीत महिनाभर राहतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टोरेजमधून पुसलं की परतीची वाट नाही, ते मी 45 हजार भरून शिकलो.

भरले कुणी, असं तुम्ही विचाराल. तो माणूस अर्ध्यावर ठाम राहिला. मी माझ्याकडचे देऊ केले, तर खालाने घेतले नाहीत. "तेरे पास है क्या चिट्ठी, के तू मेरा देनदार है?" असं म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.

काल शुक्रवार होता. दुपारपर्यंत तिच्या मोबाईलवर एकोणतीस जुम्मा मुबारक आले. एकही उतरलेलं नव्हतं, सगळी धुरकट. तिने त्यातलं एकच उघडलं, तिच्या बहिणीचं, म्हणजे माझ्या अम्मीचं. बाकीच्यांना हाताने लिहून सलाम पाठवला, एकेकाला, चष्मा लावून. मग फोल्डर उघडलं, परवाच्या वीजबिलाची पावती आत नेली आणि नाव लिहायला मोबाईल माझ्याकडे न देता मला विचारलं, "बिजली बी से लिखते ना रे?"